रेयॉन आणि मेटॅलिक धाग्याचं हातभरत: पदर नीट बसत नाहीत, जर सोलते

वारणाकाठ (सांगली)

खणाच्या ब्लाऊजवर बाह्यांना आणि पाठीच्या गळ्याला वेल भरायची आहे. पानं २ सें.मी. लांब, मधोमध ७ मि.मी. रुंद, सॅटिन टाक्याने भरीव. पानांना आणि देठाला सोनेरी किनार. हाताशी असलेला माल: डीएमसी कंपनीच्या सॅटिन लड्या (रेयॉन, सहा पदरी, ८ मीटर), मारुती रोडवर ‘सिल्क थ्रेड’ म्हणून मिळतात ती छोटी रिळं, डीएमसी लाइट इफेक्ट्सची सोनेरी लडी ई ३८२१ आणि जरीचं एक रीळ.

नमुन्याच्या तुकड्यावर असं दिसतंय: लडीतून सुटे केलेले पदर (दोरे) शेजारी-शेजारी बसत नाहीत, एक वर एक खाली राहतो. गाठ मारली तरी सरकते. सोनेरी धागा थोड्याच टाक्यांत नेढ्यापाशी सोलतो आणि आतला दोरा उघडा पडतो. शिवाय हा ब्लाऊज पुढे धुवायचा कसा, हाही प्रश्न आहेच. सुती धाग्याने हेच पान नीट येतं, म्हणजे टाक्यात खोट नसावी.

सुईदोरा

आधी रिळातला धागा कशाचा आहे ते ठरवा. ‘सिल्क थ्रेड’ नावाच्या स्वस्त रिळांत रेशीम बहुधा नसतंच. रेयॉन असतं नाहीतर पॉलिस्टर, आणि दोघांची वागणूक अगदी वेगळी.

५ सें.मी.चा तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि पेटवा. रेयॉन भरभर जळतं, कागद जळल्याचा वास येतो, राख मऊ करडी. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. खरं रेशीम असेल तर केस जळल्याचा वास, आणि ज्योत लांब नेली की ते विझू लागतं.

आगीचा खेळ नको असेल तर धागा मधोमध ओला करा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्ही टोकांनी ओढा. रेयॉन ओल्या जागीच तुटतं, कारण ओलं असताना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. पॉलिस्टरला पाण्याने काही होत नाही.

रिळावर १२०/२ छापलं असेल तर तो मशीन भरतकामाचा ४० नंबरचा धागा. १२० डेनियरचे दोन पेड, म्हणजे एकूण २४० डेनियर, म्हणजे ९००० मीटरला २४० ग्रॅम. लडीतला एक पदर आणि हा दोरा शेजारी ठेवून बघा, जाडीत फार अंतर नसतं. लडीचे दोन पदर लागतात तिथे रिळाचे दोन दोरे, फार तर तीन.

खणवाली

सुई, टाका, कापड सगळं तेच असताना रेयॉन ऐकत नाही, त्याचं कारण तंतूत आहे. कापसाचा तंतू आखूड असतो, पृष्ठभागावर बारीक लव असते, त्यामुळे तो शेजारच्या तंतूला आणि कापडाला धरून राहतो. भरतकामाचं रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यातला सेल्युलोज विरघळवून बारीक छिद्रांतून काढलेले अखंड तंतू. (ही व्हिस्कोसची पद्धत क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ मध्ये इंग्लंडात पेटंट केली. आपल्याकडे कल्याणजवळ शहाडला असा अखंड तंतू बनतो.) लव नाही म्हणून चमक जास्त, आणि लव नाही म्हणूनच पकडही नाही. गाठ सरकते ती याच कारणाने. तुमची गाठ सैल नव्हती.

आता करायचं काय ते सांगते.

लांबी ४० ते ४५ सें.मी.च्या वर नको. लडीतून सहाही पदर एकदम कापा, पण वेगळे करताना एका वेळी एकच पदर वरून ओढून काढा. दोन एकत्र ओढले की उरलेल्यांचा गुंता ठरलेला. मग कुरळेपणा घालवायचा: स्पंज भिजवून घट्ट पिळा, हाताला गार लागला पाहिजे पण पाणी निथळता कामा नये. त्यावरून पदर एकदाच सरळ ओढा, टांगून ठेवा आणि पूर्ण सुकल्यावरच सुईत ओवा. ओल्याने भरायला बसलात तर पदर तुटेल, आणि कच्चा रंग असला तर खणात उतरेल. वर सुईदोरा यांनी ओल्या ताकदीचं सांगितलंय तेच इथे आडवं येतं.

सुई क्रूएल (टोकदार, भरतकामाची) ८ किंवा ९ नंबर, दोन पदरांना. खणाची वीण दाट असते. सुई गरजेपेक्षा बारीक घेतली तर भोक अपुरं पडतं आणि प्रत्येक टाक्याला धागा कडेवर घासतो. सुईच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, दुकानात मागताना याचा घोळ होऊ देऊ नका.

पदर शेजारी बसण्यासाठी: टाका ओढताना शेवटचे ४-५ सें.मी. उरले की डाव्या हातात एक जाड बोथट सुई (१८ नंबरची टॅपेस्ट्री चालेल) धरून दोन्ही पदर तिच्यावरून ताणा, पदर पसरले की मग धागा खाली घ्या आणि सुई अलगद काढून घ्या. सुरुवातीला हात अडखळतो, पण सॅटिन टाक्याची खरी चमक यानेच येते. यासाठी दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून रिंग स्टँडवर लावा किंवा टेबलाच्या कडेला टेकवा.

माणदेशी

खणवाली ताईंनी गाठ का सरकते ते सांगितलं, त्यात भर: धागा सुरू कसा करायचा आणि संपवायचा कसा.

गाठ अजिबात नको. पानाच्या टाक्यांनी पुढे जी जागा झाकली जाणार आहे, तिच्या आत २-३ बारीक उलटे टाके घ्या, दुसरा टाका पहिल्याच्या दोऱ्याला भोसकून गेला पाहिजे. मग पानाच्या कडेवर एका पदराने चिरटाका, म्हणजे प्रत्येक टाक्याची सुई मागच्या टाक्याच्या दोऱ्यातून वर. सॅटिनचे टाके या कडेच्या बाहेर उतरवा. कड उचलून दिसते आणि दातेरी होत नाही. संपवताना मागच्या बाजूला नुसतं चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापू नका, सुती धाग्यात ते चालतं, रेयॉन महिन्याभरात बाहेर डोकावतं. टाक्यांखालून नेल्यावर खणाखाली लावलेल्या अस्तराच्या कापडात एक छोटा उलटा टाका घ्या, परत उलट दिशेने सरकवा आणि मग १ सें.मी. सोडून कापा.

एक जण नक्की सांगेल की एकच पदर दुमडून, मागे फास अडकवून सुरुवात करा. रेयॉनमध्ये ते टाळा. दुमडलेल्या पदराचा एक अर्धा सुलट जातो, दुसरा उलट. प्रकाश दोघांवर वेगळा पडतो आणि पानात पट्टे दिसतात. सुती धाग्यात हे लपतं.

मिरजकर_ताई

हात! कोणी बोललंच नाही. बोटांची कातडी जरा जरी खरखरीत असेल तर रेयॉनचे तंतू उचकटून येतात आणि भरलेल्या पानावर केस उभे राहिल्यासारखं दिसतं. चमचाभर साखर आणि थोडं खोबरेल तळहातात चोळा, साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा. नखांच्या कडा कानशीने घासा. तेल बोटाला राहिलं तर खणावर डाग, तेव्हा धुण्यात कसूर नको.

आणि भरायच्या आधी भाजी चिरणं, फोडणी वगैरे आटोपलेलं असलं तरी हळदीचा हात तपासा. त्यावर पुढे लिहिते, ब्लाऊज सांगलीचा आहे म्हटल्यावर हळद येणारच.

नेढं

सोनेरी धाग्याबद्दल. आधी तो कसा बनतो ते बघा, म्हणजे सोलण्याचं कोडं सुटेल. पॉलिस्टरच्या अतिपातळ फिल्मवर निर्वात पोकळीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ बसवतात, वर रंगीत लाखेसारखा थर देतात (सोनेरी रंग बहुतेक वेळा या थराचाच, आतला धातू पांढराच), मग फिल्मच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून मधल्या दोऱ्याभोवती गुंडाळतात. म्हणजे तुमच्या हातात दोरा नाही, दोऱ्यावर गुंडाळलेली पट्टी आहे. ती कापडातून आणि नेढ्यातून घासत गेली की पट्टी मागे सरकते आणि आतला दोरा उघडा पडतो.

हिशोब करा. धागा ३० सें.मी. घेतला, शेपूट आणि सुईजवळचा भाग सोडून २२ सें.मी. कामाचे. ६ मि.मी.चा सॅटिन टाका पुढून-मागून मिळून १३ मि.मी. खातो. म्हणजे १६-१७ टाके झाले की सुई रिकामी, आणि शेवटचा भाग तेवढ्या वेळा कापडातून खाली-वर झालेला. तोच २२ सें.मी. कापडावर आडवा मांडून वरून दुसऱ्या बारीक धाग्याने टाचला, तर २२ सें.मी. रेघ मिळते आणि जर कापडातून फक्त दोनदा जाते, सुरुवातीला आणि शेवटी.

किनारीला म्हणून टाचणीच (काउचिंग). जरदोजीवाले कसब (जरीचा धागा) असंच बसवतात, ते काही हौसेखातर नाही.

सुईदोरा

नेढं यांना अनुमोदन, पण बारीक ठिकाणी सोनेरीने थेट टाके घ्यावेच लागतात (पानाची शीर, फुलाचा केसर). तेव्हा:

लांबी ३० सें.मी. सुई शेनिल २२ किंवा २४, म्हणजे टोकदार आणि लांबट नेढ्याची. भोक धाग्यापेक्षा मोठं पडलं पाहिजे. लाइट इफेक्ट्सचा एकच पदर, फार तर दोन. नेढ्यात धागा सरकत राहिला तर सोलतो, म्हणून तो तिथेच अडकवा: पदर दुमडून त्याचा फास नेढ्यातून घाला, फास सुईच्या टोकावरून मागे घ्या आणि हलकेच आवळा. दोन टोकं कापडाकडे राहतात, म्हणजे कामाला दोन पदर येतात. टाका एका झटक्यात खाली-वर ‘शिवत’ घेऊ नका. सुई सरळ खाली, धागा पूर्ण ओढा, मग सरळ वर. तिरपी सुई घातली की पट्टी भोकाच्या कडेवर खरवडते.

पीळ चढला की सुई मोकळी सोडून लोंबकळू द्या, आपोआप उलटी फिरते. कापलेलं टोक लगेच उलगडतं, त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा २ मि.मी. थेंब, वाळला की ओवा. लायटरने टोक जाळू नका, काळं होतं आणि ते काळं खणाला लागतं.

हौशी_भरतकाम

एवढं सगळं कशाला? दोन्ही धाग्यांना मधमाशीचं मेण लावा, सरकणं बंद, सोलणं बंद.

खणवाली

रेयॉनला मेण लावलंत तर पदर एकमेकांना चिकटतील आणि चमक मरेल. चमक नको असेल तर सुती धागा स्वस्त पडतो! मेटॅलिकलाही थेट मेण नको, त्यावर धूळ आणि खणाची लव बसते, सोनं पितळी दिसायला लागतं. मेण लावायचं ते टाचणाऱ्या धाग्याला. तो बारीक असतो आणि जरीच्या धातूच्या कडेवर घासून कातरला जातो. त्याला मेणावरून दोनदा ओढा, मग कागदात धरून बोटांनी दाबत न्या म्हणजे जादा मेण निघेल.

नेढं

टाचणी तपशीलात, कारण किनार बिघडते ती इथेच.

टाचायला शिवणाचा बारीक पॉलिस्टर धागा, एकेरी, जरीशी मिळता पिवळसर. लालसर घेतला तर सोनं तांबूस दिसतं, काही जण मुद्दाम तसं करतात. सुई ९-१० नंबर. जरीचे दोन दोरे जोडीने मांडले तर किनार भरदार येते. सरळ रेषेत दर ३-४ मि.मी.ला एक आडवा टाका, वळणावर २ मि.मी. टाका जरीच्या बरोबर काटकोनात, तिच्या रुंदीइतकाच. जास्त आवळलात तर जर चिमटली जाते, सैल ठेवलात तर बाहेर निसटते. दुसरी ओळ लावायची असेल तर तिचे टाके पहिल्या ओळीच्या टाक्यांच्या मधोमध, विटांच्या बांधकामासारखे.

पानाच्या टोकाला जोडीतला बाहेरचा दोरा आधी टोकावर एका टाक्याने पकडा, मग चिमट्याने टोकाशी मोडून घ्या, मग आतला दोरा. दोन्ही एकदम वळवले तर टोक गोल होतं.

दोन्ही टोकांना ३-३ सें.मी. सोडा. काम झाल्यावर १८ नंबरची शेनिल सुई टोकाच्या जागी अर्धी घालून ठेवा, नेढ्यात जरीचं टोक घाला आणि सुई झटक्याने खाली ओढा. टोक आखूड असेल तर नेढ्यात मजबूत धाग्याचा फास ठेवून त्यात जर अडकवून खाली ओढा. दोन दोरे असतील तर एक-एक, थोड्या अंतरावर. मागच्या बाजूला टोक आलेल्या रेषेवरच परत दुमडून अस्तरात ४-५ टाक्यांनी पकडा, मग १ सें.मी. ठेवून कापा. कापडाला लागून कापलेली जर अंगाला टोचते आणि शिवाय सुटते.

वारणाकाठ

रिळातला धागा ओला केल्यावर तुटला, म्हणजे रेयॉनच. टाचणी करून बघितली, कड सरळ येतेय. दोन शंका: प्रत्येक पानाभोवती वेगळी किनार की अखंड? आणि एकूण धागा किती लागेल?

माणदेशी

अखंडच. एका पानाचा घेर साधारण ४३ मि.मी. भरतो. प्रत्येक पान वेगळं केलंत तर ४ सें.मी. किनारीसाठी ६ सें.मी. टोकं खाली जाणार, मागे नुसता गठ्ठा. देठावरून जर आणा, पानाभोवती फिरवा, देठाशी परत आणून पुढच्या पानाकडे न्या. आराखडा तसा एका रेघेत बसतो का ते आधी पेन्सिलीने गिरवून बघा.

रेयॉनचा अंदाज: दोन पदरांचा टाका सुमारे ०.६५ मि.मी. जागा घेतो. २० मि.मी. पानात ३० टाके, सरासरी रुंदी ५ मि.मी., पुढे-मागे मिळून ३० सें.मी.च्या आसपास. कापडाची जाडी, सुरुवात-शेवट धरून ४०-४५. म्हणजे एक पान, एक सुई. लडीत ८ मीटर गुणिले सहा पदर, ४८ मीटर. एका पानाला दोन पदर म्हणजे ०.९ मीटर. कागदावर ५३ पानं निघतात, नासाडी धरून ४५ धरा. बाह्यांचा रंग पाठीपेक्षा वेगळा दिसू नये म्हणून लड्या एकाच वेळी, एकाच रंगाईच्या घ्या.

अड्डा_फ्रेम

तुम्ही सगळे हातसुईवर अडून बसलात. सातारा-सांगलीत ब्लाऊजचं काम आज बहुतेक आरीवर (आकडीच्या सुईने) होतं, त्यामागे तंत्राचंही कारण आहे. आरीत धागा कापडाखाली असतो, आकडी तो साखळीत वर ओढते, आणि धाग्याचा प्रत्येक भाग कापडातून एकदाच जातो. घासणं नाही, कापून ओवणं नाही, १२०/२ रेयॉन थेट रिळावरून. जरीलाही तेच. अट एवढीच की जरीचं रीळ आडवं फिरलं पाहिजे. उभं ठेवून वरून ओढलंत तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो आणि पट्टी उलगडते. साखळी संपवताना शेवटचा फास उलट दिशेच्या छोट्या टाक्याने कुलूपबंद करा, नाहीतर एक टोक ओढलं की अख्खी ओळ उसवते.

खणवाली

आरीचं म्हणणं मान्य, देठ आणि किनारीसाठी ती उत्तमच. पण भरीव पान आरीच्या साखळीने भरलं तर प्रकाश तुटक पडतो. रेयॉनचं सौंदर्य लांब, सपाट टाक्यात आहे. मी तरी पान हाताने आणि देठ आरीने करा असं म्हणेन. सॅटिन टाका मात्र ७-८ मि.मी.च्या वर नेऊ नका, बांगडीत अडकतो. तुमचं पान मधोमध ७ मि.मी. आहे, टाके तिरपे घेतलेत तर ८-९ होतील. मधे शीर ठेवून पान दोन भागांत भरा, प्रश्नच मिटतो. दोन्ही भागांतल्या तिरक्या दिशा आरशासारख्या ठेवा, म्हणजे एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. आणि सगळ्या पानांत कोन तोच ठेवा. रेयॉनमध्ये कोन बदलला की लोकांना वाटतं रंग बदलला.

वारणाकाठ

फुलांच्या मध्यभागी बुलियन गाठी (सुईभोवती धाग्याचे वेढे घेऊन केलेल्या) घेतल्या तर वेढे सुटून पदर पसरतात. लडीच्या धाग्यात नाही होत, रिळाच्या धाग्यात होतंय.

सुईदोरा

पिळाची दिशा. धागा उभा धरा, भिंगातून बघा. पेडाची तिरपी रेघ खालून डावीकडून वर उजवीकडे जात असेल तर तो झेड पीळ. उलट असेल तर एस पीळ. सहा पदरी सुती धागे सहसा एस असतात, मशीनचे धागे बहुतेक झेड. ब्राझिलियन भरतकाम म्हणून ओळखलं जाणारं काम पूर्ण रेयॉनवरच चालतं, आणि तिथला धागा झेड पिळाचा म्हणूनच बुलियनचे वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घेतात. आपल्याला सवय उलटी असते. वेढे घेताना पदर उघडत असतील तर दिशा बदला, एवढी खूण पुरते. देठटाक्यातही धागा सुईच्या वर ठेवणं आणि खाली ठेवणं यात असाच फरक पडतो, चिंधीवर दोन्ही करून जे घट्ट दिसेल ते घ्या.

सुई मिलिनर्स (काही दुकानांत स्ट्रॉ नीडल). तिचं नेढं दांड्याइतकंच जाड, त्यामुळे वेढ्यांतून अडखळत नाही.

मिरजकर_ताई

आता धुणं आणि हळद.

आराखडा छापण्यापासून सुरू करते, कारण धुण्याची निम्मी भांडणं तिथून येतात. पाण्याने पुसला जाणारा पेन वापरू नका, तो घालवायला काम भिजवावं लागतं. खणावर पिवळा कार्बन, नाहीतर खाका: ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून, झिंकची पावडर रॉकेलमध्ये कालवून बोळ्याने फिरवायची. रॉकेल उडून जातं, ठिपके टाक्याखाली झाकले जातात.

रंग पक्का आहे का ते आधीच तपासा. प्रत्येक रंगाचे चार टाके पांढऱ्या मलमलीवर घ्या, ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून १० मिनिटं ठेवा. लाल, राणी, गडद निळा यांच्यावर अजिबात विश्वास नको. रंग उतरला तर तो धागा खणावर नकोच, मीठ-व्हिनेगरने पक्का होईल या आशेवर राहू नका.

धुताना: गार पाणी, सौम्य द्रव साबण, भिजत ठेवायचं नाही, घासायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, उलटं करून सावलीत आडवं पसरा. हँगरला ओलं टांगलं तर भरतकामाच्या वजनाने ओलं रेयॉन ताणलं जातं.

इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल, वर सुती फडकं, सगळ्यात कमी तापमान, वाफ बंद. पॉलिस्टर वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास लागतात, पण ताणलेली पातळ फिल्म आकसायला त्याच्या कितीतरी कमी उष्णता पुरते. जर एकदा आकसून सुरकुतली की परत सरळ होत नाही.

हळद: रेयॉन शेवटी सेल्युलोजच, त्यामुळे हळद त्याला सुतासारखीच धरते. डाग पडल्या पडल्या साबण लावलात तर तो लाल होतो, कारण हळदीचा रंग अल्कलीत लाल पडतो. आधी कोरड्या फडक्याने टिपा, मग गार पाण्याचा ओला बोळा, दाबून. राहिलेला पिवळेपणा उन्हाने फिकटतो, पण उन्हात खणाचा आणि रेयॉनचा रंगही जातो, तेव्हा डाग सोडून बाकी सगळं जाड कापडाने झाका. हळदी समारंभाला हा ब्लाऊज घालूच नका, हा खरा इलाज.

जुनी_जर

जरीच्या रिळाबद्दल कोणी विचारलं नाही. जर तीन प्रकारची येते. खरी जर: रेशमाच्या दोऱ्यावर चांदीची चपटी तार, वर सोन्याचं पाणी. दुसरी: तांब्याची तार, त्यावर चांदीचा मुलामा. तिसरी वर सांगितलेली प्लॅस्टिक फिल्मची. सुरतेहून आपल्याकडे बरीच येते आणि दुकानात तिन्ही नुसत्या ‘जर’ असतात. ज्योतीजवळ नेली की फिल्म लगेच आकसते. तार खरवडली आणि आत लालसर दिसली तर तांबं.

तांब्याची जर गळ्याला आणि काखेजवळ लावू नका, घामाने काळी-हिरवी पडते. खरी जर काळवंडते ती गंधकाने: रबर बँड, लोकरी कापड, काही रंगीत कागद. अत्तराचा फवारा थेट जरीवर नको. रिळं धुतलेल्या मलमलीत गुंडाळून डब्यात. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि डांबराची गोळी जरीला चिकटून ठेवू नका. ब्लाऊजसाठी फिल्मची जरच घ्या. काळी पडत नाही, वजन नाही.

अड्डा_फ्रेम

रिंगचं एक राहिलं. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा, भरलेल्या पानांवर रिंग चढवावीच लागली तर मधे मलमल टाका, आणि काम थांबलं की रिंग काढा. दाबलेल्या रेयॉनवर उमटलेली चकाकती गोल खूण कायम राहते. जमलं तर सरळ चौकटच घ्या, अख्खी बाही एकदम बसेल असा आकार. खणाखाली मलमलीचं अस्तर, पण ती आधी धुऊन आटवलेली, नाहीतर पहिल्या धुण्यात मलमल आटते आणि पानं फुगतात.

क्रम: रेयॉनची पानं सगळी आधी, मग मेटॅलिक, टिकली-मणी सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर रेयॉनचा प्रत्येक टाका जरीच्या कडेत अडकेल. दबका (स्प्रिंगसारखी गुंडाळलेली धातूची तार) लावणार असाल तर तोही शेवटच्या फेरीत: मखमलीवर ठेवून कात्रीने तुकडे, ताणायचा नाही, बारीक सुईने मण्यासारखा ओवायचा. सपाट बसवायचा तर तुकडा जागेइतकाच, उचलून हवा तर थोडा लांब.

वारणाकाठ

सगळं टिपून घेतलं. शेवटचं एक: खण आधी भरून मग शिवायला द्यायचा, तर शिंप्याला काय सांगू?

माणदेशी

बाही आणि पाठ कापण्याआधी खणावर शिवणरेषा आखून घ्या, भरत त्या रेषेपासून १.५ सें.मी. आत थांबवा. कापायचं भरून झाल्यावर, कारण भरल्यावर कापड किंचित आत ओढलं जातं. माप त्यानंतर परत लावून बघा. गळ्याच्या कडेला मशीनचा पाय जाडीवर चढून जर चेपतो, तिथे शिंप्याला एका बाजूचा पाय (झिपसाठी वापरतात तो) लावायला सांगा. आणि कटिंगच्या टेबलावर गरम इस्त्री फिरवू नका, हे तोंडी नको, चिठ्ठी लिहून कापडाला टाचणीने लावा.

वारणाकाठ

चिठ्ठी लावते. टाचणी शिवणरेषेच्या बाहेर लावेन.